प्रिय नऊ, तुझं गुपित सर्वांना सांगते आहे

प्रिय नऊ,



हे पत्र तुला लिहिते आहे, पण चारचौघांनी वाचावं म्हणून उघडं ठेवते आहे. यात तुझं गुपित आहे आणि ते मोजक्या माणसांच्या हाती राहू नये, असं मला मनापासून वाटतं.

मी शाळेत गणित शिकवते. अंकांचे खेळ घेऊन वर्गात गेले, की कुठल्या ना कुठल्या वळणावर तू भेटतोसच. मनात धरलेली संख्या ओळखायची असो, लपवलेला अंक सांगायचा असो, की प्रत्येकानं वेगळी संख्या घेऊनही सगळ्यांचं उत्तर एकच यायचं असो, शोधत गेलं की मुळाशी तू सापडतोस. त्यामुळे तुझ्यात काही दैवी आहे असा पुष्कळांचा समज झाला आहे. ग्रह नऊ, नवरात्राच्या रात्री नऊ, जपमाळेचे मणी १०८ आणि त्यांच्या अंकांची बेरीजही नऊ. गाडीच्या क्रमांकाची बेरीज नऊ यावी म्हणून लोक जादा पैसे भरतात. कुणाच्या श्रद्धेशी मला भांडायचं नाही. पण "बघा, कितीही वेळा करा, बेरीज नऊच येते" असं सांगून एखाद्या मुलाला दिपवलं जातं आणि कारण मात्र सांगितलं जात नाही, तेव्हा मला गप्प बसवत नाही. ते कारण आठवीच्या बीजगणितात मावतं, आणि माझ्या मते ते चमत्काराहून सुंदर आहे.

तुझी पहिली ओळख पाढ्यातून होते. नऊ एके नऊ, नऊ दुणे अठरा, नऊ त्रिक सत्तावीस. हा पाढा एकाखाली एक लिहिला की लहान मुलांनाही दिसतं, की दशकाचा अंक एकेकानं चढतो आणि एककाचा एकेकानं उतरतो. मग कुणीतरी बोटांची युक्ती दाखवतं. दोन्ही पंजे समोर धरायचे. नऊ सक किती हे हवं असेल तर डावीकडून सहावं बोट मिटायचं. मिटलेल्या बोटाच्या डावीकडे पाच बोटं, उजवीकडे चार. उत्तर चोपन्न. ही युक्ती घरोघरी माहीत आहे, पण ती का जमते हे फार थोड्या घरांत विचारलं जातं.

नऊ म्हणजे दहातून एक वजा. सहा वेळा नऊ घ्यायचे म्हणजे सहा दहा घ्यायचे आणि सहा परत करायचे. परत करण्यासाठी एक दशक मोडावं लागतं. मग पाच दशकं उरतात आणि मोडलेल्या दहातून सहा गेल्यावर चार सुटे राहतात. सहाच्या जागी एक ते दहापर्यंतची कोणतीही संख्या असू दे, तिला क्ष म्हणू:

९क्ष = १०(क्ष − १) + (१० − क्ष)

मिटलेल्या बोटाच्या डावीकडे नेहमी (क्ष − १) बोटं असतात आणि उजवीकडे (१० − क्ष). दोन्हींची बेरीज केली की क्ष उडून जातो आणि नऊ उरतात. हात पाहत पाहत ही ओळ लिहिली, की अक्षरांना घाबरणारी मुलंही घाबरत नाहीत. क्ष म्हणजे मिटलेलं बोट, हे त्यांना दिसत असतं.

तर नऊ, तुझं गुपित हेच. तुझी ताकद तुझ्या एकट्याची नाही. आपण संख्या दहा-दहाच्या गटांनी लिहितो आणि तू दहाच्या एकच पाऊल अलीकडे उभा आहेस, या दोन गोष्टींतून ती आली आहे. तुझ्या नावावर चालणारा प्रत्येक खेळ इथूनच निघतो.

विभाज्यतेच्या कसोट्या शिकवताना आम्ही सांगतो, की संख्येतल्या अंकांच्या बेरजेला नऊने भाग जात असेल तर त्या संख्येलाही जातो. मुलं ते पाठ करतात. पण तीन अंकी संख्या घेऊन शतकस्थानी अ, दशकस्थानी ब, एककस्थानी क असं लिहिलं, तर पाठ करायला काही उरतच नाही:

१००अ + १०ब + क = (९९अ + ९ब) + (अ + ब + क)

शंभर म्हणजे नव्याण्णव अधिक एक, दहा म्हणजे नऊ अधिक एक. पहिल्या कंसाला नऊने भाग जाणारच. म्हणून संख्येला नऊने भागून जी बाकी उरते, तीच अंकांच्या बेरजेला नऊने भागूनही उरते. संख्या चार अंकी असो की चाळीस अंकी, ९९९, ९९९९ असे गट पडत जातात आणि युक्तिवाद तोच राहतो. जपमाळेच्या १०८ मण्यांचं कोडंही इथेच सुटतं. १०८ म्हणजे नऊ गुणिले बारा, म्हणून अंकांची बेरीज नऊ. ११७ आणि १२६ यांचीही तेवढीच.

या एका ओळीवर हिशेबाची एक मोठी परंपरा उभी आहे. हिशेब हातानं करायच्या काळात लोक गुणाकार झाला की नऊचा ताळा पाहत. समजा ३४७ गुणिले २८ केले आणि उत्तर ९७१६ आलं. ३४७ च्या अंकांची बेरीज १४, पुन्हा बेरीज ५. २८ ची १०, म्हणजे १. पाच गुणिले एक, पाच. आता ९७१६ ची बेरीज २३, म्हणजे ५. ताळा जमला. ही रीत दहाव्या शतकाच्या सुमाराच्या दुसऱ्या आर्यभटाच्या 'महासिद्धान्त' ग्रंथात आहे. नारायण पंडितानं १३५६ साली लिहिलेल्या 'गणितकौमुदी'त तर असा ताळा नऊनेच कशाला, कोणत्याही संख्येनं भागून पाहता येतो, असं सांगितलं आहे. ते वाचून मला आनंद झाला होता, कारण तुझ्या भोवतीचं गूढ दूर सारून मुळातलं तत्त्व हाती घेणारा माणूस त्यात दिसतो. भारतीय अंक अरबांमार्फत पश्चिमेकडे गेले, तसा तुझा ताळाही प्रवास करत गेला. पिसा शहराच्या लिओनार्दोनं, म्हणजे फिबोनाचीनं, १२०२ साली 'लिबर अबाची' लिहिलं, त्यात नऊचा ताळा आहे. त्या पुस्तकाच्या सुरुवातीला भारतीयांचे नऊ अंक ओळीनं दिले आहेत, तेही उतरत्या क्रमानं, म्हणजे पहिला मान तुझाच.

पण तुझी मर्यादाही मुलांना सांगायला हवी. मघाच्या गुणाकारात ९७१६ ऐवजी चुकून ९७६१ लिहिलं असतं, तरी ताळा जमलाच असता. बेरजेला अंकांचा क्रम कळत नाही. शून्याच्या जागी तू आलास किंवा तुझ्या जागी शून्य आलं, तरी ताळ्याला पत्ता लागत नाही. ताळा चुकला तर उत्तर नक्की चूक, पण ताळा जमला म्हणजे उत्तर बरोबरच, असं नाही. या दोन वाक्यांतला फरक समजणं हे शालेय गणितातलं फार मोठं शिक्षण आहे, आणि ते तुझ्यामुळे इतक्या सहज देता येतं.

गंमत अशी, की तुझी हीच उणीव हिशेबनिसांनी कामाला लावली. वर्षअखेरीस तेरीज जुळत नाही आणि दोन बाजूंतला फरक ३६० रुपये येतो. जाणता हिशेबनीस आधी त्याला नऊने भाग जातो का ते पाहतो. जात असेल तर त्याला संशय येतो, की कुठेतरी शेजारचे दोन अंक उलटे पडले आहेत. कारण दशकस्थानी अ आणि एककस्थानी ब असेल तर

(१०अ + ब) − (१०ब + अ) = ९(अ − ब)

३६० ला नऊने भागलं की ४० येतात. म्हणजे शतक आणि दशक या जागांवरचे, एकमेकांत चारचा फरक असलेले दोन अंक शोधायचे. खतावणीत ५,७३० च्या जागी ५,३७० पडलेले सापडले, की काम झालं. कधी एखादं शून्य गळालेलं असतं. ४५० च्या जागी ४५ लिहिले तर फरक ४०५ येतो. क्षच्या दहापटीतून क्ष गेले की क्षची नऊपट उरते, म्हणून ४०५ ला नऊने भागलं की चुकीची नोंदच हातात येते: ४५. शेकडो नोंदींच्या चोपडीत नेमकी कोणती नोंद पाहायची हे एका भागाकारानं सांगायचं, याला मी बीजगणिताचं रोजच्या पोटापाण्याचं काम म्हणते.

जिथे अंकांची अदलाबदल चालवून घेता येत नाही तिथे आता इतर ताळे वापरतात. पुस्तकांवरचा जुना दहा अंकी आयएसबीएन अकराने तपासला जातो. त्यात प्रत्येक अंकाला त्याच्या जागेप्रमाणे वेगळ्या संख्येनं गुणलेलं असतं, म्हणून अंक उलटे पडले की चूक पकडली जाते. आपल्या आधार क्रमांकाचा बारावा अंकही अशाच तपासणीसाठी ठेवलेला आहे. पद्धती बदलल्या, पण अंकांवरूनच चूक धरण्याची कल्पना तीच राहिली.

आता वर्गातला माझा आवडता खेळ. मुलांना म्हणते, कितीही मोठी संख्या लिहा, मला दाखवू नका. तिचेच अंक हवे तसे उलटसुलट करून दुसरी संख्या लिहा. मोठीतून लहान वजा करा. उत्तरातला एक अंक खोडा, फक्त शून्य खोडू नका, आणि उरलेले अंक मला कोणत्याही क्रमानं सांगा. समजा एकीनं ८३५२१ मधून १२३५८ वजा केले. उत्तर ७११६३. तिनं सहा खोडला आणि सात, एक, एक, तीन असं सांगितलं. बेरीज बारा. पुढची नऊपट अठरा, म्हणून खोडलेला अंक सहा.

वर्गात गलका होतो. पुन्हा, पुन्हा करून दाखवा म्हणतात. जादूगारांचा नियम आहे की युक्ती फोडायची नाही. गणिताच्या वर्गात मी नेमकं उलट करते. पुन्हा करून दाखवते आणि मग विचारते, "मला शून्य का चालत नाही?" या प्रश्नावर वर्ग शांत होतो. थोड्या वेळानं कुणीतरी म्हणतं, "कारण शून्य खोडला काय नि नऊ खोडला काय, बेरजेत फरकच पडणार नाही." तिथून उलगडा सुरू होतो. दोन्ही संख्यांचे अंक तेच, म्हणून बेरीज तीच, म्हणून नऊने भागल्यावर बाकीही तीच, म्हणून वजाबाकीला नऊने भाग जाणारच. प्रत्येक "म्हणून" मुलांनी स्वतः उच्चारलेला असतो. अट कशासाठी आहे हे कळलं की युक्ती कळते, आणि युक्ती कळली की ती मुलं घरी जाऊन आजोबांवर ती करून पाहतात. त्या दिवसापुरती ती जादू त्यांची झालेली असते.

१०८९ चा खेळही तुझाच. तीन अंकी संख्या घ्या, जिचा पहिला आणि शेवटचा अंक वेगळा आहे. ती उलटी लिहा, मोठीतून लहान वजा करा. आलेलं उत्तर उलटं लिहा आणि या वेळी दोन्हींची बेरीज करा. ७३२ मधून २३७ गेले, ४९५. त्यात ५९४ मिळवले, १०८९. वर्गात प्रत्येकाची संख्या वेगळी आणि वहीत उत्तर मात्र सगळ्यांचं तेच. ज्याचं वेगळं येतं त्याची वजाबाकी तरी चुकलेली असते, नाहीतर ९९ हे ०९९ असं तीन अंकांत लिहायचं राहिलेलं असतं.

कारण पाहू. मोठ्या संख्येचे अंक अ, ब, क. वजाबाकीत मधला ब दोन्हीकडे तोच, तो उडाला. उरलं ९९(अ − क). कंसातल्या फरकाला य म्हणू. आता ९९य हे अंकांच्या रूपात मांडायचं:

९९य = १००(य − १) + ९० + (१० − य)

म्हणजे शतकस्थानी (य − १), मधे तू, एककस्थानी (१० − य). उलटं लिहून मिळवलं की शतकांची बेरीज (य − १) + (१० − य), म्हणजे नऊ. एककांचीही नऊ. मधे दोन वेळा नव्वद. ९०० अधिक १८० अधिक ९, झाले १०८९. आधी ब गेला, मग अ आणि क यांचा फक्त फरक उरला आणि शेवटी तो फरकही गेला. मुलांनी निवडलेलं सगळं एकेक करून कसं पुसलं गेलं, हे या चार ओळींत उघड दिसतं. म्हणून मला ही सिद्धता खेळाइतकीच रंगतदार वाटते.

आणि मग मी विचारते, "तीन अंकीऐवजी दोन अंकी संख्या घेतली तर?" यासाठी कुणाला पुस्तक लागत नाही. ७३ मधून ३७ गेले ३६, अधिक ६३, झाले ९९. दुसरी संख्या, पुन्हा ९९. मग य वापरून तेच चार ओळींत सिद्ध करायचं. शिकवलेली युक्ती करणं ही एक पायरी आणि न शिकवलेली युक्ती शोधणं ही पुढची. या पुढच्या पायरीवर आयुष्यभर उभा राहिलेला एक माणूस आपल्याकडे होऊन गेला, आणि तुझ्याशी त्याचं नातं फार जवळचं होतं.

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १९०५ साली डहाणूचा. फर्ग्युसन महाविद्यालयात शिकत असताना १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचं गणिताचं पारितोषिक मिळालं. पदव्युत्तर शिक्षण त्यांनी घेतलं नाही. १९३० पासून १९६२ मध्ये निवृत्त होईपर्यंत ते देवळालीला शाळेत शिकवत राहिले आणि उरलेला वेळ संख्यांना देत राहिले. विद्यापीठांतल्या अनेकांना त्यांचं काम हलकंफुलकं वाटलं. पण १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकातल्या आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिलं आणि देवळालीच्या या शिक्षकाचं नाव जगभर गेलं.

त्यांचा ६१७४ हा शोध १९४९ चा. चार अंकी संख्या घ्यायची, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमानं लावायचे, त्यातून चढत्या क्रमानं लावलेले वजा करायचे आणि येणाऱ्या उत्तराचं पुन्हा तेच करायचं. त्या १९४९ सालाचाच आकडा घेऊ. ९९४१ − १४९९ = ८४४२. मग ५९९४, ५३५५, १९९८, ८०८२, ८५३२ आणि सातव्या वजाबाकीला ६१७४. पुढे कितीही वेळा करा, ७६४१ − १४६७ पुन्हा ६१७४ च येतात. सातपेक्षा जास्त वजाबाक्या कुठल्याच संख्येला लागत नाहीत. कापरेकरांचं जन्मसाल १९०५ घेतलं तर तेही बरोबर सातव्या पायरीलाच पोचतं. वाचकांनी करून पाहावं.

यात तू कुठे आहेस? उतरत्या क्रमातले अंक अ, ब, क, ड म्हटले, की एक वजाबाकी अशी होते:

९९९(अ − ड) + ९०(ब − क)

दोन्ही पदांत तू आहेस. म्हणून पहिल्या वजाबाकीपासून पुढची प्रत्येक संख्या नऊच्या पटीतली असते आणि ६१७४ ही ६८६ ची नऊपट आहे. पण याहून मोठी गोष्ट पुढे आहे. उत्तर चार अंकांवर अवलंबून नाही, फक्त दोन फरकांवर आहे. अ आणि ड यांच्यातला फरक एक ते नऊ, आणि ब आणि क यांच्यातला फरक शून्यापासून त्या पहिल्या फरकापर्यंत. मोजलं तर असे फक्त ५४ प्रकार होतात. पुढची शून्यं धरली तर एकूण ९,९९० संख्या या खेळात उतरू शकतात, आणि पहिल्याच वजाबाकीत त्या सगळ्या ५४ संख्यांत येऊन बसतात. त्या ५४ हातानं तपासता येतात, आणि तपासल्या की सिद्धता पूर्ण होते. दहा हजारांच्या आसपासचं काम चोपन्नावर आणणारी ही एक ओळ दाखवली, की बीजगणित कशाला शिकायचं हा प्रश्न माझ्या वर्गात कुणी विचारत नाही.

कापरेकरांच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या संख्या पाहा. ४५ चा वर्ग २०२५, आणि २० अधिक २५ पुन्हा ४५. ५५ चा वर्ग ३०२५, ३० अधिक २५ पुन्हा ५५. २९७ चा वर्ग ८८२०९, ८८ अधिक २०९ पुन्हा २९७. ७०३ चा वर्ग ४९४२०९, ४९४ अधिक २०९ पुन्हा ७०३. इथेही तूच आहेस, जरा आत लपलेला. २०२५ म्हणजे शंभर वेळा २० आणि वर २५. त्यातून २० आणि २५ दोन्ही काढून घेतले की नव्याण्णव वेळा २० उरतात. म्हणजे अशा कोणत्याही क्षचा वर्ग वजा क्ष, याला नऊने भाग जातो. आणि क्षचा वर्ग वजा क्ष म्हणजे क्ष(क्ष − १), लागून असलेल्या दोन संख्यांचा गुणाकार. लागून असलेल्या दोन्ही संख्यांना तीनने भाग जाऊ शकत नाही, म्हणून सगळा नऊ त्यांतल्या एकीतच असायला हवा. ४५ आणि २९७ तुझ्या पटीत आहेत. ५५ आणि ७०३ तुझ्या पटीहून एकनं जास्त आहेत. यादीतली कोणतीही संख्या घ्या, ती या दोन घरांपैकी एका घरातलीच निघते. उलट मात्र खरं नाही. १८ तुझ्या पटीत आहे, पण तिचा वर्ग ३२४ कसाही तोडला तरी १८ देत नाही.

एवढं सगळं वाचून तुला वाटेल, मग मला दैवी म्हटलं तर बिघडलं काय? त्याचं उत्तर जुन्या रुपयात आहे. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी येईपर्यंत आपला रुपया सोळा आण्यांचा होता. त्या हिशेबात तुझी जादू चालत नव्हती. तिथे तुझ्या जागी पंधरा होते. र रुपये आणि ण आणे असतील तर एकूण आणे

१६र + ण = १५र + (र + ण)

म्हणून दोन रुपये तेरा आण्यांचे पंधरा जणांत सारखे वाटे पडतील का, हे पाहायला दोन आणि तेरा यांची बेरीज पुरे. पंधरा आले, पडतील. एकूण आणे पंचेचाळीस, प्रत्येकाला तीन. आठ-आठच्या गटांनी मोजणारे लोक असते तर त्यांनी सातला देवपण दिलं असतं. आपण दहाच्या गटांनी लिहितो म्हणून तू. दहा अंकचिन्हांत वाटेल ती संख्या लिहिता यावी, ही स्थानमूल्याची पद्धत या भूमीनं जगाला दिली. तुझे सगळे खेळ तिच्या पोटातून निघाले आहेत. तुझ्यापुढे हात जोडायचेच असतील, तर मी ते त्या पद्धतीपुढे जोडते.

म्हणून माझी चिंता तुला सांगते. तुझ्या युक्त्या आज मुलांपर्यंत दोन वाटांनी पोचतात. एका वाटेवर झटपट गणिताचे वर्ग आहेत. तिथे ४७ गुणिले ९९ करताना "सत्तेचाळीसातून एक काढा, सेहेचाळीस, ते नव्याण्णवातून काढा, त्रेपन्न, उत्तर ४६५३" एवढंच घोकून घेतलं जातं. शंभर वेळा ४७ मधून एकदा ४७ गेले, हे एक वाक्य सांगायला कितीसा वेळ लागतो? पण ते सांगितलं जात नाही, आणि ९९ च्या जागी ९८ आले की तेच मूल अडतं. दुसऱ्या वाटेवर अंकांवरून भविष्य सांगणारे आहेत. त्यांची तर सगळी मदार कारण न सांगण्यावर आहे. दोन्ही वाटांवर मूल प्रेक्षक राहतं. मला ते खेळाडू झालेलं हवं आहे.

त्यासाठी फार काही लागत नाही. युक्ती आधी करून दाखवावी आणि मुलांना मनसोक्त चकित होऊ द्यावं, कारण प्रश्न त्या आश्चर्यातूनच येतो. मग संख्येच्या जागी अक्षर ठेवून कारण त्यांच्याकडूनच काढून घ्यावं. आणि शेवटी अट बदलून पाहायला सांगावं. दोन अंकी संख्येवर कापरेकरांची वजाबाकी केली तर काय होतं? ती कुठे थांबतच नाही. ९, ८१, ६३, २७, ४५ आणि पुन्हा ९ अशी फिरत राहते. तीन अंकी संख्या ४९५ वर थांबते. पाच अंकी पुन्हा फेऱ्यांत सापडते. हे कुणी न सांगता ज्या मुलीच्या वहीत उतरलं, ती संशोधनाच्या कामाला लागली आहे, मग तिचं गाव कोणतंही असो. कापरेकरांकडेही कागद, पेन्सिल आणि न थकणारं कुतूहल यापलीकडे फारसं काही नव्हतं.

गुपित फोडलं म्हणून तू रागावणार नाहीस, याची मला खात्री आहे. हे गुपित हजार वर्षं ग्रंथांत लिहिलेलंच आहे. तुझा मोठेपणा त्यानं कमी होत नाही. ज्याचं कारण विचारता येतं आणि विचारलं की मिळतं, त्याच्यावर मुलं अधिक विश्वास ठेवतात. यापुढे कुणी एखाद्या मुलासमोर "बघ, बेरीज नऊच येते" असं म्हटलं, तर त्या मुलानं "येणारच" म्हणावं, खडू हातात घ्यावा, १००अ + १०ब + क असं लिहावं आणि का येणार ते सगळ्यांना समजावून सांगावं. एवढंच मागणं आहे, आणि ते तुझ्या नावानं प्रत्येक पालकाकडे आणि प्रत्येक शिक्षकाकडे करते आहे.

तुझी,
गणिताची एक शिक्षिका